नऊ खुणा

गंगाखेड रोडला, पेट्रोल पंपाच्या अलीकडं,
टायरांच्या थप्पीला टेकवलेली पाटी आहे ना, ते आमचं गॅरेज.
तिथं रोहिदास घुगेनं काळीपिवळी आणून लावली
आणि इंजिन बंद न करताच म्हणाला,
"चला, बसा. तोच आवाज यायलाय."

पोखर्णीच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो.
चाळीसच्या वर गेली की डाव्या मागच्या चाकातून घुंऽऽऽ,
उजवीकडं वळताना वाढणारं, डावीकडं दबणारं,
जसं एखादं माणूस
ठरावीक पाहुणा घरात असला की गप्प बसतं.

वही काढली.
बेअरिंग बदलल्यापासून दहा हजार आठशे.
कंपनीतून आलेलं पहिलं
एक लाख चाळीस हजार चाललं होतं.
"माल डुप्लिकेट," रोहिदास म्हणाला,
"नानलपेठेतल्या मुंदडानं घातली टोपी."
मीही मान डोलावली.
आमच्या धंद्यात हा पहिला मंत्र:
मिस्त्री दुकानाला लावतो, दुकान कंपनीला,
कंपनी रस्त्याला,
आणि रस्ता काही बोलत नाही.

एक्सल बाहेर ओढला. ग्राइंडरनं रिंग कापली.
तुकडे डिझेलमध्ये धुतले, बनियनच्या फडक्यानं पुसले.
मुदस्सिरनं मोबाइलचा टॉर्च धरला.

ग्रीस जागेवर होतं, जळलेलं नव्हतं.
सील धड.
पाण्याचा गंज नाही, धुळीचे ओरखडे नाहीत,
उष्णतेनं येणारी निळी झाक नाही.
मुंदडाचा डबा फळीवरच पडलेला,
त्यावरचा नंबर आणि रिंगवरचा नंबर एक.
मी शोधत होतो कुणाचा तरी गुन्हा
आणि एकेक नाव खोडलं जात होतं.

मग बाहेरच्या रिंगच्या आतल्या वाटेवर
बोट फिरवलं, तर नखाला लागलं.
एक. थोड्या अंतरावर दुसरं.
नऊ खड्डे, बाजरीच्या दाण्याएवढे,
अंतर सगळ्यांत सारखं.
गोळ्याही नऊच.
झिजेला असं मोजून मापून जमत नाही.
या नऊ जणी फिरायच्या आधीच
कशानं तरी एकदम दचकल्या होत्या.

सकाळी पालमचं वऱ्हाड आणायचं होतं त्याला.
लाइट गेलेली, प्रेसवाला शटर ओढून गेलेला.
मी म्हणालो होतो, त्यात काय, बसवून टाकतो.
पितळी दांडा बाहेरच्या रिंगवर टेकवला
आणि दोन किलोचा हातोडा घेतला.
दाब द्यायचा असतो आतल्या रिंगवर;
बाहेर मारलं की सगळा मार गोळ्यांतून जातो.
हे मला माहीत होतं.
बावीस वर्षं माहीत होतं.

आणि मुदस्सिर, तेव्हा नवा, मिसरूडही नाही,
हळूच म्हणाला होता,
"उस्ताद, पाइपचा तुकडा आणू का? आतल्या रिंगला लावायला?"
मी म्हणालो होतो,
"टॉर्च नीट धर."

आज तो टॉर्च नीट धरून होता.
जरासुद्धा हलत नव्हता.

"काय निघालं?" रोहिदासनं स्टुलावरून विचारलं,
"मालच खोटा ना?"
"माल चांगला होता," मी म्हणालो.
तो हसला. त्याला वाटलं, मुंदडाचं कमिशन बोलायलंय.
मी रिंग त्याच्या हातात दिली,
त्याचं बोट धरून वाटेवरून फिरवलं.
"हे माझे."
त्यानं रिंग उलटीपालटी केली, चहा संपवला,
बराच वेळ नुसता रस्त्याकडं बघत बसला.
मग म्हणाला, "उद्याच्या सहाच्या ट्रिपला होईल का?"

नव्या बेअरिंगचे पैसे मी वहीत माझ्या नावावर लिहिले.
मुदस्सिरला एक्सल देऊन प्रेसवाल्याकडं पाठवलं.
तो फटकातून बाहेर पडला, परत आला,
रॅकखालून पाइपचा एक हातभर तुकडा काढला,
टोकं कानशीनं घासून सपाट केलेला,
जुना, धूळ बसलेला.
कधी केला होता, मी विचारलं नाही.